दुर्गाच्या पत्रातले बोंबील

मुलांच्या मासिकाच्या दिवाळी अंकाचं शेवटचं प्रूफ आलं होतं. गिरगावातल्या त्या छापखान्याची रीत अशी, की अक्षरांचे खिळे जुळवणारे जुने कंपोझिटर गुणाजी मूळ मजकूर मोठ्याने वाचत आणि संपादक जयवंत समोरचं प्रूफ ताडून पाहत असे.

"वाचा, गुणाजीकाका."

परळच्या बारा वर्षांच्या दुर्गाने आफ्रिकेत मोंबासाला राहणाऱ्या मामेभावाला, दौलतला, लिहिलेलं आणि अंकात छापायला पाठवलेलं ते पत्र होतं. दौलत तिकडेच जन्मलेला. त्याने परळ कधी पाहिलं नव्हतं.

"'पहाटे गिरणीचा भोंगा वाजतो आणि सगळी चाळ उठते.'"

प्रुफात होतं, 'पहाटे बागेत कोकिळा गाते.' बदल जयवंतनेच केला होता.

"पुढे."

"'आई नळावर नंबर लावते.'"

प्रुफात आई गुलाबांना पाणी घालत होती.

"'गॅलरीत दोरीवर बोंबील वाळतात. मांजर त्यांच्याकडे बघत बसतं आणि मी मांजराकडे.'"

प्रुफात बोंबील नव्हतेच. मांजर होतं, पण ते गादीवर बसून दूध पीत होतं.

गुणाजींनी प्रुफात डोकावून पाहिलं. "मांजराचं तरी भलं झालं म्हणायचं!"

"हसू नका, काका. मुलांना काहीतरी सुंदर वाचायला द्यावं. भोंगा नि नळ ती रोजच बघतात."

"परळची बघतात. दौलतनं कुठं बघितलाय?" गुणाजींनी पत्राखाली दुर्गाने संपादकांसाठी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचलंत? 'अंक छापला की एक मोंबासाला धाडा. दौलत सारखा विचारतो, आपलं घर कसं आहे.' आता त्या पोराला वाटणार, आत्याकडे बाग आहे. उद्या इथं आला नि गुलाब कुठेत म्हणाला, तर दुर्गानं तोंड कुठं लपवायचं?"

रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा घोषणा देत चालला होता.

"ऐकताय ना? बाहेर आपण ओरडतोय, मुंबई आमची! आणि इथं आत मुंबईचीच पोर खोडतोय. तीस वर्षं खिळे जुळवतोय मी, जयवंतराव. पोरांच्या गोष्टींत किती बंगले उभे केले! माझ्या खोलीचा एक शब्द नाही जुळवला."

जयवंतने प्रूफ खाली ठेवलं. लालबागच्या चाळीत वाढलेल्या त्याने शाळेत 'माझे घर' या निबंधात दुमजली बंगला लिहिला होता. मास्तरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. घरी वाचून दाखवल्यावर आईने साधंच विचारलं होतं, "कुणाचं रे हे घर?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्याने अजून दिलं नव्हतं.

"चुकलो, काका! पार चुकलो! फर्मा सोडा, पान पुन्हा जुळवू."

"दुपारी छपाईला मशीनवर जायचाय."

"मग मीही खिळे उचलतो. भोंगा, नळ, बोंबील, सगळं जसंच्या तसं!"

"आधी हात धुऊन या," गुणाजी म्हणाले, पण फर्म्याचे स्क्रू सोडायला त्यांनी सुरुवात केलीच होती.

माघात दुर्गा मोंबासाचं पत्र घेऊन छापखान्यात आली. दौलतने लिहिलं होतं, 'ताई, आमच्याकडेही दोरीवर मासे वाळतात. बंदरावर भोंगा वाजतो. मला वाटायचं, असलं काही पुस्तकात येत नसतं. आता मीही लिहिणार आहे.'

वाचकहो, आपल्या मुलांना परीकथा जरूर द्या, दूरदेशीचे बंगलेही दाखवा. पण ज्या पुस्तकात मुलाला आपलं दार कधीच सापडत नाही, ते पुस्तक त्याला त्या दाराची लाज वाटायला शिकवतं. मग ते मूल परळचं असो वा मोंबासाचं!