कोरडं फडकं

पॉलिशवाल्याने गाडीच्या दोन दारांमधल्या काळ्या पट्टीवरून हळूच नख फिरवलं आणि मान हलवली.

"नख अडकत नाही. वरवरचे ओरखडे आहेत, निघतील."

गाडी घेऊन आलेल्या मुलाचा जीव भांड्यात पडला. "नवीकोरी गाडी आहे हो. सावलीत काही दिसत नाही. पण उन्हात आली की बघा, नुसतं कोळ्याचं जाळं!"

त्याचे बाबा बाजूच्या बाकावर बसले होते. जाळं त्यांनाही दिसत होतं. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली.

बाबांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेला होता. सकाळी आधी साहेबांच्या गाडीला फडकं मारायचं, मग चहा. "याने पुसलेल्या बॉनेटमध्ये बघून दाढी करावी," असं साहेब चारचौघांत म्हणायचे, आणि बाबा घरी येऊन ते बायकोला ऐकवायचे. ती म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का?" असं म्हणत म्हणतच मऊ फ्लॅनेलच्या कडा दुमडून, पिवळ्या दोऱ्याने शिवून नवं फडकं तयार करून द्यायची. मग ती गेली, गाडी चालवणं सुटलं आणि बाबा मुलाकडे राहायला आले. घर चांगलं होतं, सून तर त्याहून चांगली. फक्त बाबांनी भाजी चिरायला घेतली की ती सुरी काढून घ्यायची. "राहू द्या बाबा, तुम्ही बसा." मुलगा हातातली पिशवी काढून घ्यायचा. "तुम्ही बसा." बसून बसून कोणी मरत नाही, पण त्याला जगणंही म्हणवत नाही.

मग ही गाडी आली. घरातली माणसं उठायच्या आत बाबा बायकोने शिवलेलं शेवटचं फडकं घेऊन खाली जाऊ लागले. त्या काळ्या चकचकीत पट्ट्यांवर तर त्यांचा भारी जीव. फुंकर मारायची, गोल गोल पुसायचं, तोंड दिसलं की पुढची पट्टी. घरात त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हेही काम गेलं असतं.

"गाडी धुतं कोण?" पॉलिशवाल्याने विचारलं.

"इमारतीत एक बाई येते. सगळ्यांच्या गाड्या तीच धुते."

"हे कोरड्या फडक्याचं काम आहे. धूळ म्हणजे बारीक वाळूच की हो. पत्रा एकवेळ सोसतो, हे प्लास्टिक नाही सोसत. आधी पाणी मारायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग ओल्या मऊ कापडाने सरळ पुसायचं, दाब न देता. इथे कोणीतरी रोज कोरडंच घासलंय. आणि अगदी मन लावून घासलंय!" पॉलिशवाला आपल्याच बोलण्यावर हसला.

मुलगा मात्र तडकला. "तीच बाई! आज घरी गेलो की सांगतो, उद्यापासून येऊ नकोस. बाकीच्यांनाही सांगतो, कोणी कामावर ठेवू नका हिला."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या बादलीवर चालत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली होती. गप्प बसलं तर सकाळचं काम टिकणार होतं आणि बोललं तर जाणार होतं. बाबांनी खिशातल्या फडक्यावर हात ठेवला.

"ती नाही पुसत," ते म्हणाले. "मी पुसतो."

"काय?"

"गाडी. रोज सकाळी. ते ओरखडे माझे आहेत."

मुलगा रागावला असता तर बरं झालं असतं. साहेबसुद्धा रागवायचे. पण माणूस रागावतो तो कामाच्या माणसावर. मुलगा जवळ आला, खांद्यावर हात ठेवून लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "असू द्या बाबा. तुम्हाला काय माहीत! आता नका करू हं. तुम्ही बसा."

बाबा बसलेलेच होते.

पॉलिशवाल्याने पट्टीच्या कडांना टेप लावली, मशीनच्या मऊ स्पंजवर थेंबभर पॉलिश घेतलं आणि प्लास्टिक तापू नये म्हणून थांबत थांबत फिरवू लागला. बाबांच्या त्या साऱ्या सकाळी तिथून एकेक करून पुसल्या गेल्या. मग वरून पारदर्शक फिल्म बसली.

"या बाबा, बघा, तोंड दिसतंय!" मुलाने हाक मारली.

बाबांनी वाकून पाहिलं. स्वच्छ दिसत होतं. त्यांनी हात मागे बांधून घेतले.

दुसऱ्या दिवशी सवयीने पाय खाली घेऊन गेलेच. बाई आधीच आली होती आणि गाडीवर पाणी ओतत होती. काल काय घडलं याचा तिला पत्ताही नव्हता.

"काका, आज उशीर? आता मी पुसते हो गाडी, तुमच्या मुलाने ओलं कापड दिलंय. तुमचं ते फडकं द्या इकडे, चाकांना होईल."

बाबांच्या मुठीत पिवळ्या शिवणीची कड दाबली गेली.

"चाकं मी करतो," ते म्हणाले.

"तुम्ही? अहो काका, गुडघे..."

खाली बसताना आधारासाठी त्यांचा हात दाराकडे गेला होता. तो त्यांनी मध्येच मागे घेतला आणि जमिनीला टेकवला. मग चाकासमोर बसून ते पुसू लागले, नेहमीसारखंच, गोल गोल, जोर लावून. पहिल्याच चाकात फडकं काळं झालं. पिवळा दोरा कुठला आणि कापड कुठलं, ते ओळखू येईना.

बाबांनी फडकं झटकलं आणि बसल्या बसल्याच दुसऱ्या चाकाकडे सरकले.