साखराबाईचा घास

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. हसू नका, पण मी परदेश पाहून आले आहे.

माझा जन्म शिरूर कासारचा. मेंढरांमागे चालता चालता साखराबाईने टकळीवर माझी लोकर कातली, तेव्हा तिचे केस माझ्याइतकेच काळे होते. तिच्या नवऱ्याच्या, हरिबाच्या खांद्यावर मी तीस वर्षे ऊनपाऊस सोसला. रानात बोरे मिळोत की सीताफळ, हरिबा त्यातला वाटा माझ्या टोकाला बांधून घरी नेई. गाठ सोडायचा मान साखराबाईचा. पुढे पोरांनी मऊ, रंगीत ब्लँकेटे आणली आणि मी पेटीमागे जाऊन पडले.

मग गेल्या वर्षी मेंढपाळांच्या एका मेळाव्यासाठी इस्तंबूलहून बोलावणे आले. बोलावणे दोघांनाही होते, पण साखराबाईचे गुडघे धरलेले. तिने मला झटकून हरिबाच्या खांद्यावर टाकले.

"माझं काय येणं हुत न्हाई," ती म्हणाली. "तिथं जे लई गोड लागंल, त्यातला घासभर गाठीला बांधून आणा. इसरू नका."

मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी दुपार मोकळी मिळाली. हरिबा आणि त्याच्यासारखाच मेळाव्याला आलेला सिरसाळ्याचा रामहरी हिंडायला निघाले. काय सांगू त्या दुपारचे! निळे पाणी, भोंगे वाजवत जाणाऱ्या बोटी, धुक्यात अर्धे बुडालेले घुमट. हरिबाने तीळ लावलेली गोल रोटी खाल्ली, भाजलेले कणीस खाल्ले. "कणीस आपल्याकडं बी हाय," म्हणाला. गाठ काही मारली नाही.

एका उताराच्या गल्लीत पांढरा गोळा आकड्याला टांगला होता. दुकानदाराने सुरीने वडी कापून दिली. पहिल्याच घासाला हरिबाचे डोळे मिटले.

"शेळीचं दूध हाय बे, रामहरी! खरवसावानी. साखराला हेच न्यायचं."

"आइस्क्रीम हाय ते. इतळंल."

"सुरीनं कापतेत, ते कावून इतळंल?"

वडी माझ्या टोकात बांधली गेली. आम्ही पाण्याकाठी बसलो. दोन मांजरे येऊन माझ्यावर झोपली, हरिबाही पेंगला. मला वाटले, मी पुन्हा कळपामागे आहे. जाग आली तेव्हा माझे टोक ओले, चिकट झाले होते. हरिबाने गाठ चाचपली. आत काहीच नव्हते. परतीच्या विमानात तो ते टोक मुठीत धरून बसला. मला फार वाईट वाटले, कारण माझी गाठ कधी रिकामी घरी गेली नव्हती.

घरी साखराबाई गाठ सोडायला बसली. हरिबा मान खाली घालून उभा. तिने ते कडक झालेले टोक नाकाशी धरले, मग लहान मुलीसारखे जिभेला लावले.

"शेळीचं हाय," ती म्हणाली. "लई गोड हाय. बसा की. पाणी बी हुतं का तिथं?"

हरिबा माझ्यावर बसला आणि दिवस मावळेपर्यंत सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून उज्ज्वला साबण घेऊन आली. मित्रांनो, जुन्या घोंगडीला ऊन दाखवा, झटका, कसर लागू देऊ नका. धुवायचीच असेल तर जरूर धुवा. पण आधी घरातल्या म्हातारीला विचारा, कोणते टोक भिजवायचे नाही.