भिंगरीची होडी

मेलेल्या माणसाला चारशे बारा पानं जिवंत ठेवायचं म्हणजे डोक्याला केवढा ताप असतो, ते आत्याला विचारावं.

आत्या म्हणजे कुणाची सख्खी आत्या नव्हे. गणवेश शिवायच्या कारखान्यात मागच्या खोलीत हातकाम चालायचं, तिथल्या साऱ्याजणींची ती आत्या. पुढच्या दालनात शिलाईयंत्रांचा खडखडाट, मागे मात्र निवांत. दोघी सख्ख्या जावा समोरासमोर बसून शर्टांना बटणं लावायच्या, इस्त्रीवाली खिडकीपाशी उभी राहून कॉलरी दाबायची आणि आत्या वाचायची. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली, तेव्हा मुकादम म्हणाला होता, आता घरी बसा. तोडगा जावांनीच काढला. आत्याच्या वाट्याची बटणं आम्ही लावतो, तिनं आम्हाला वाचून दाखवावं. मुकादमानं आठवडाभर पाहिलं, शर्ट तेवढेच निघत होते, तेव्हा मान डोलावून गेला तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. आणि देवानं आत्याला गळाच असा दिला होता, की तिनं औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचलं तरी ऐकणारीला वाटावं, आता पुढे काय होतंय!

पण देवानं तिला काळीजही तसंच दिलं होतं, लोण्याचं. सगळा घोळ तिथेच झाला.

पाच महिन्यांपूर्वी ती एका जाड कादंबरीचा पहिला भाग वाचत होती. जुन्या काळची, मिठागरांची गोष्ट. विकत आणलेली माणसं. मालकाच्या घंटेवर उठायचं, घंटेवर झोपायचं, पायाच्या भेगांत मीठ. त्यात एक बहीण, तिला सगळे ताई म्हणायचे, आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याचा पाय एका जागी ठरत नसे म्हणून तो भिंगरी. पुस्तकाच्या शेवटी गुलामगिरी उठल्याची बातमी येते. पण ती यायच्या आदल्या दिवशी समुद्राला उधाण येतं, मालक भिंगरीला समुद्राचं पाणी अडवायचं लाकडी दार लावायला पाठवतो, आणि हा पळेल म्हणून त्याच्या पायात साखळी घालून खुंट्याला अडकवतो.

मोठ्यानं वाचणाऱ्याची नजर जिभेच्या दोन ओळी पुढे धावत असते. आत्याच्या नजरेला भिंगरीचं मरण दिसलं आणि ती वाचता वाचता अडली. कारण त्याच आठवड्यात इस्त्रीवालीचा धाकटा भाऊ कामावर उभ्या उभ्या कोसळून गेला होता. चौथ्या दिवशी ती कामावर आली होती, कॉलरींवर कॉलरी दाबत होती. तिच्यापुढे हे वाचायचं? आत्यानं क्षणभर डोळे मिटले, पान उलटलं आणि देवाचं नाव घेऊन म्हणाली, “इतक्यात काळोखातून एक होडी आली!”

होडी आली, कोळ्यानं साखळी तोडली, भिंगरी वाचला. जावांनी सुया टोचून ठेवून टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाली कॉलर दाबतच राहिली, पण आत्याला वाटलं, तिचा चेहरा जरा सैल झाला. पुण्याचं काम केल्यासारखी आत्या त्या दिवशी घरी गेली.

आणि आता दुसरा भाग आला. ग्रंथालयात जावांनी मिळून नाव लावलं होतं. शनिवारी चारशे बारा पानांचं ते पुस्तक हाती पडलं, रविवारी सकाळी आत्यानं पहिलं पान उघडलं आणि दाराच्या बिजागरीला तेल घालत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली.

“अहो, मेले मी.”

“काय झालं आता?”

“हा भिंगरी मेलाय!”

“कोण भिंगरी?”

“पुस्तकातला हो! आणि नुसता मेला नाही. हे अख्खं पुस्तक त्याच्या मरणावर उभं आहे. सुटून आलेली माणसं चौकशी मंडळापुढे जाताहेत, कोण कसं मेलं त्याची यादी होतेय. आणि मालक म्हणतोय भिंगरीचं नाव यादीत घालायचंच नाही. त्याची ताई बिचारी रोज चार कोस चालत जाते, भावाचं मरण लिहून घ्या म्हणून.”

“मग वाच की तसंच.”

“कसं वाचू? मी त्याला होडीत बसवून पाठवलाय!”

नवऱ्यानं तेलाची झारी खाली ठेवली. “तू मागेसुद्धा त्या दुसऱ्या पुस्तकातल्या आजारी सासऱ्याला बरं केलं होतंस.”

“तो म्हातारा होता, पुढच्या पानावर आपोआप गेला. हा तरुण आहे!”

“मग आता पोस त्याला,” तो म्हणाला आणि पुन्हा बिजागरीकडे वळला. संसारात काही माणसं सल्ला देतात तोसुद्धा असा देतात, की त्यापेक्षा भांडलेलं परवडतं.

सोमवारपासून आत्याचे हाल सुरू झाले. रोज सकाळी पोळपाट-लाटणं सोडून ती पुढची वीस पानं वाचून ठेवायची आणि कुठे काय फिरवायचं ते मनाशी ठरवायची. पुस्तकात ताई एकटी चालायची. आत्याच्या वाचनात भिंगरी सोबत चालायचा. पुस्तकात ताई एकटी जेवायची. आत्या त्यालाही वाढायची. पण तो बोलत काहीच नसे, कारण बोलला तर गोष्टीत गुंता व्हायचा.

“हा मुलगा एवढा गप्प का झालाय?” धाकट्या जावेनं विचारलं. “पहिल्या भागात तर तोंडाला खीळ नव्हती.”

“दमलाय,” आत्या म्हणाली.

“पाच दिवस दमलाय? जाऊबाई, तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं त्याचं लग्न करावं,” मोठी जाऊ दोरा दातानं तोडत म्हणाली. “ती शेजारच्या झोपडीतली मुलगी आहे ना, जिची आई विकली गेली होती. चांगली आहे. आत्या, पुढे बघ गं, होतंय का लग्न?”

“मला काय ठाऊक!”

“चिडतेस काय? बघ म्हटलं.”

आत्यानं उगीच चार पानं चाळली. मेलेल्या पोराचं लग्न लावायची पाळी आपल्यावर येतेय की काय, या विचारानं तिला घाम फुटला. देवा, तुझ्या दारात मी एवढी वर्षं उभी राहते, हेच का त्याचं फळ?

पण खरी पंचाईत वेगळीच होती, आणि ती आत्याच्या लक्षात आठव्या-नवव्या दिवशी आली. बायकांचं ताईवरचं मन उडायला लागलं होतं. पुस्तकातली ताई वाघीण होती. अधिकारी तिला बाकावर ताटकळत ठेवायचे, कारकून तिला उद्या ये म्हणायचा, तिच्या बरोबरचे लोक जमिनीचा तुकडा आणि सुटकेचा कागद घेऊन गुमान घरी गेले, आणि ती एकटी म्हणत राहिली, आधी माझ्या भावाचं लिहा. आत्याला तिच्या तोंडी ते “लिहा” घालता येत नव्हतं. म्हणून आत्याची ताई नुसतीच “हक्क, हक्क” म्हणत कचेरीच्या पायऱ्या झिजवायची.

“अगं, कसला हक्क?” मोठी जाऊ वैतागली. “जमीन मिळाली, कागद मिळाला, भाऊ धडधाकट आहे. आता हिला पाहिजे तरी काय?”

“आमच्या मावशीसारखी आहे ही,” धाकटी म्हणाली. “लग्नात पंगत उठली तरी तिचं रुसणं चालूच.”

इस्त्रीवालीही हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि हसली ती ताईला. आत्याला ते तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या बाईपुढे वाचताना हात जोडावेसे वाटत होते, तिची इथे टिंगल चालली होती, आणि ती टिंगल दुसऱ्या कुणी नव्हे, आत्यानंच रचली होती.

बाराव्या दिवशी गाडी घसरली. त्या सकाळी घरी पाहुणे होते, पुढची पानं वाचून ठेवायला आत्याला सवड झाली नाही. त्यात सगळं लक्ष भिंगरीच्या लग्नात. नजर पुढे धावतच नव्हती. मालकाचा वकील उभा राहिला आणि आत्यानं त्याचं भाषण चांगलं घसा खाकरून वाचून टाकलं.

“महाशय, ही बाई दुःखानं भ्रमिष्ट झाली आहे. मुलगा बुडाला नाही. तो होडीतून पळून गेला. आमच्या वहीत तशी नोंद आहे. आज तो कुठेतरी सुखात असेल.”

शेवटच्या शब्दावर पोचल्यावर आत्याला कळलं, आपण काय वाचून बसलो.

“बरोबर बोलतोय की वकील,” मोठी जाऊ म्हणाली. “होडीतूनच गेला.”

“आपणच नाही का ऐकलं?” धाकटी म्हणाली. “पण बुडाला असं ही बाई म्हणतेच कशी? तो तर हिच्याच शेजारी जेवतोय! काय खोटारडी बाई आहे!”

“एवढा एक खरा माणूस निघाला पुस्तकात,” इस्त्रीवालीनं कॉलर उलटली.

“नाही गेला तो होडीतून!” आत्या ओरडली. इतक्या जोरानं, की मुकादम दारातून डोकावून गेला. “होडी नव्हतीच! कुठली होडी? मेला तो. साखळीसकट मेला. हा वकील थापा मारतोय आणि मीही थापा मारल्या, त्यानं आणि मी अगदी एकच थाप मारली! ती बाई खोटी नाही. हसू नका तिला. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते, हसू नका!”

धाकटीनं सुई शर्टात टोचून ठेवली.

मग आत्यानं सगळं सांगितलं. सांगताना रडली, आणि रडते आहे म्हणून स्वतःवरच चिडली. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली.

“माझ्यासाठी केलंस?”

“हो गं बाई. तुझा चेहरा बघवेना.”

“मी चौथ्या दिवशी कामावर का आले, विचारलंस कधी?” ती शांतपणे बोलत होती, पण हात इस्त्रीच्या दांड्यावर आवळलेला होता. “घरी सगळे असेच वागत होते. मी स्वयंपाकघरात शिरले की गप्प. भावाचं नाव काढलं की कुणाला पाणी आठवायचं, कुणाला दूध. आईसुद्धा म्हणाली, जाऊ दे आता. मला वाटलं, इथे तरी आत्या वाचते, पुस्तकातली माणसं मरतात, त्यांच्यावर कुणी रडतं. ते ऐकायला आले मी. आणि तू त्यालाही होडीत घातलंस.”

आत्यानं दुसरा भाग मिटून बाजूला ठेवला.

“वाच ते पान.”

“पहिला भाग परत गेला ग्रंथालयात.”

“मग आठवतं तसं सांग. कसा गेला तो?”

आता मात्र आत्याचा चेहरा पडला. “बुडाला एवढंच माहीत. कसा, ते नाही. दोन ओळी दिसल्या आणि मी पान उलटलं. पुन्हा उघडायचा धीर झाला नाही.”

“अगं आई गं!” मोठ्या जावेनं कपाळावर हात मारला. “म्हणजे हिलाही ठाऊक नाही! बारा दिवस आम्ही कुणाची गोष्ट ऐकत होतो?”

“आणि बटणं कुणाची लावत होतो?” धाकटीनं पुस्ती जोडली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली अर्धा तास उशिरा आली, मुकादमाची बोलणी खाल्ली आणि पिशवीतून पहिला भाग काढून टेबलावर ठेवला. ग्रंथालय उघडायची वाट बघत ती पायरीवर बसली होती. आत्यानं हात पुढे केला.

“तू नको,” इस्त्रीवाली म्हणाली. “तुझा भरवसा नाही.”

“मग कोण?”

“मी.”

“तू? अगं, तुला साधी पाटी वाचायला...”

“लागतो वेळ. लागू दे.”

कॉलरी मोठ्या जावेनं घेतल्या. आत्यापुढे शर्टांचा गठ्ठा आला. सुईही हातात आली. वाकड्या बोटांनी ती दोरा ओवत राहिली आणि इस्त्रीवाली वाचू लागली. वाचू लागली कसली, एकेक अक्षर दगडासारखं उचलून पुढे ठेवू लागली. “स-मु-द्रा-ला उ-धा-ण...” स्वल्पविराम आला की थांबे, जोडाक्षर आलं की त्याच्याशी भांडे. आत्याचा जीव मेटाकुटीला आला. एवढं सुंदर वाक्य, आणि त्याची ही चाळण! दोनदा तिनं तोंड उघडलं.

“गप. टाका बघ तुझा,” इस्त्रीवाली पानावरून नजर न काढता म्हणाली.

पण एक गोष्ट आत्यालाही कबूल करावी लागली. गाळायचं तर आधी भरभर वाचता यायला हवं. हिला काहीही गाळता येत नव्हतं. खुंटा आला, साखळी आली, पाणी गुडघ्यांपर्यंत आलं. ताई दगडानं साखळी ठोकत होती, ते ठोकणंही सगळंच्या सगळं आलं. पाणी छातीपर्यंत आलं. मग पोरानं हात लांबवून ते लाकडी दार ओढून घेतलं, कारण दाराच्या अलीकडे, खोलगट वस्तीत, शंभर माणसं झोपलेली होती, आणि म्हणाला, “ता-ई, तू जा. दा-र मी ला-व-तो.”

इस्त्रीवाली थांबली. तिनं बोट मागे नेलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. या वेळी अक्षरं जरा जवळजवळ आली. मग आणखी एकदा वाचली, आणि आता ते कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं.

“वाचलंस की ते,” धाकटी जाऊ हळूच म्हणाली. “पुढे घे ना.”

“घाई कसली तुम्हाला?” इस्त्रीवाली फिस्कारली. डोळे पुसले नाहीत, बोट हललं नाही. “एकच पान उरलंय त्याच्या वाट्याला.”