टोर्किलची बिअर आणि वीबेकेच्या बशा

खोटं बोलायचं माझं वय आता उरलं नाही. तेव्हा यातलं जे पटणार नाही ते बिनदिक्कत खरं समजावं.

ऑर्हुस शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. ज्याच्या हातून घोटाळा होईल त्याने तो आपण होऊन सांगायचा आणि शुक्रवारी साऱ्या मजल्याला बिअर पाजायची. फ्रीझरचं दार उघडं राहिलं, पाज बिअर. दुसऱ्याच्या पेशी मारल्या, पाज बिअर. या रीतीने माणसं प्रामाणिक राहत. टोर्किलचं मात्र उलटं झालं. टोर्किल आमचा विभागप्रमुख. हुशार, ताडमाड उंच, आणि असा चिकट की वापरलेली चहाची पिशवी खिडकीत वाळत घालायचा. घोटाळेही नेमके त्याच्याच हातून फार. शेवटी त्याने घरच्या तळघरात बिअर करायला घेतली. यीस्ट तरी विकत कशाला आणायचं? आमच्याच मजल्यावर कॅन्सरवर काम करणाऱ्या वीबेकेच्या फ्रीझरमध्ये होतं की.

आता वीबेकेचं यीस्ट म्हणजे काही पावाचं यीस्ट नव्हे. आपल्या अंगात एक एन्झाइम असतं. विषाणू घुसला की ते त्याच्या डीएनएची अक्षरं बदलत सुटतं, इतकी की विषाणूला स्वतःचं नाव आठवत नाही. मी जन्मभर विषाणूंत रमलेला. माझ्या लेखी हे एन्झाइम म्हणजे शूर शिपाई. पण कॅन्सरच्या गाठीत तोच शिपाई घरच्या डीएनएवर उलटतो. गाठ नवनवी सोंगं घेते आणि औषधांना बधत नाही. कुंपणानेच शेत खावं, तशी गत. वीबेके त्याला आवरणारं औषध करत होती, आणि ते पारखायला तिने हे एन्झाइम यीस्टमध्ये बसवलं होतं.

पारखायची तऱ्हा सोपी. बशीत विष घालायचं, वर यीस्ट पसरायचं. साधं यीस्ट मरतं. ज्याच्या डीएनएत नेमकी चूक झाली तेवढंच तगतं आणि ठिपक्यासारखं वाढतं. ठिपके फार, म्हणजे एन्झाइम मोकाट. औषध लागू पडलं तर बशी जवळजवळ रिकामी.

बशी रिकामी होत नव्हती. उन्हाळ्यात झाली होती. शरद लागला आणि औषध घातलेल्या बशांनाही गोवर उठावा तसे ठिपके. मंगळवारी समिती येणार होती. औषध उंदरांना द्यायचं की सगळं काम गुंडाळायचं, हे ती ठरवणार.

"गुंडाळतेच," वीबेके मला म्हणाली. "तुझा शिपाई जिंकला. खूश?"

"मी कशाला खूश होऊ? मला त्याने विषाणू मारायला हवेत, तुझं काम नव्हे."

"मग जरा समजाव की त्याला. तुझं ऐकतो म्हणे."

त्या शुक्रवारी टोर्किलने कुणाचे तरी नमुने उन्हात विसरल्याबद्दल बिअर पाजली. त्या बिअरची ख्याती काय सांगू. यीस्ट सारखं बदलणारं, त्यामुळे एका बाटलीची चव दुसरीला नसे. एकीला गुलाबाचा वास, दुसरीला भिजल्या कुत्र्याचा. तिसरी प्यालेला आमचा कारकून सोमवारपर्यंत अस्खलित स्वीडिश बोलत होता. त्याच्या बायकोने तेवढे दिवस माहेर गाठलं.

वीबेकेने बाटली उघडली, नाकाशी नेली आणि तिथेच थांबली.

"टोर्किल, हा केळ्यांचा वास कसला?"

"छान आहे ना? या खेपेला जमलंय."

"माझ्या बशांना महिनाभर हाच वास येतोय."

टोर्किलने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्याजोगं काहीही नव्हतं.

"तू माझं यीस्ट घेतलंस?"

"घेतलं म्हणजे, परतही ठेवलं. कुपी रिकामी झाली, म्हणून बिअरच्या बादलीच्या तळाचं भरून ठेवलं. यीस्ट ते यीस्ट."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर बिअर पाजावी लागली असती," टोर्किल म्हणाला. आयुष्यात इतकं खरं तो बहुधा प्रथमच बोलत होता.

बादलीत पिढ्यान्‌पिढ्या बदलत ते यीस्ट इतकं बेरकी झालं होतं की वीबेकेचं औषध आत शिरूच देईना. दाराबाहेर ताटकळलेलं औषध कुणाला आवरणार? पण ही झाली अटकळ. समितीला अटकळ चालत नाही. मूळ यीस्ट वीबेकेने ओडेन्स शहरातल्या मैत्रिणीला कधीतरी दिलं होतं. ते आणायला तिने टोर्किललाच धाडलं. आगगाडीत त्याने बर्फाचा डबा मांडीवर धरला होता, आणि शेजारच्या बाईने बाळाचं नाव विचारलं तर याने सांगितलंही म्हणे.

मंगळवारी समितीच्या प्रमुख ग्युरिटबाई आल्या. आधी बँक चालवलेली बाई. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. वीबेकेने मूळ यीस्टच्या दोन नव्या बशा पुढे केल्या. बिनऔषधाच्या बशीत ठिपकेच ठिपके. दुसरी त्यांनी उजेडाकडे धरली, तिरकी केली, चष्मा काढून पाहिली.

"यात तर काहीच नाही."

"नाही ना?" वीबेके म्हणाली. पाळण्यातलं मूल दाखवावं तसा तिचा आवाज झाला होता.

ग्युरिटबाईंनी पुन्हा पहिली बशी पाहिली, मग पुन्हा दुसरी.

"आणि आधीच्या महिन्याच्या बशा?"

"त्यांचं कारण टोर्किल सांगेल," वीबेके म्हणाली.

टोर्किलने सांगितलं. सगळं, बादलीसकट. ऐकताना ग्युरिटबाईंची हनुवटी दोनदा थरथरली. शेवटी त्यांनी रुमाल तोंडाशी नेला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

"उंदीर किती लागतील?" त्यांनी वीबेकेला विचारलं.

वीबेकेला आकडा आठवेना. हातातली रिकामी बशी छातीशी धरून ती नुसती मान हलवत राहिली, आणि आकडा मीच सांगितला, जरा वाढवून.