दोन थेंब

बाइंडरने पुस्तकाच्या पाठीला खळ लावली, ब्रश वाटीच्या काठावर निथळत ठेवला आणि करंगळीने फोन उघडला. बाकीची बोटं चिकट होती. करंगळी तेवढी कोरडी ठेवायची त्याने अलीकडे सवय लावून घेतली होती. ग्रुपवर सदतीस मेसेज होते. त्यातली तीस तरी लिंबं असणार, हे त्याला न बघताही ठाऊक होतं.

ग्रुप जुन्या कागदांचा होता. बाइंडर, ग्रंथालयांतले कर्मचारी, जुनी पुस्तकं जमवणारे आणि काही नुसतेच हौशी, अशी चारशेच्या आसपास माणसं. चार वर्षांपूर्वी तिथे एका गृहस्थांनी डाग काढायच्या चौदा रसायनांवर लांबलचक लेख टाकला होता. त्यावर काय बोलावं हे कोणाला सुचेना, तेव्हा बाइंडरने खाली लिहिलं, ‘आणि एवढं करून नाही जमलं, तर लिंबू पिळा.’ लिहून त्याने घाबरून फोन उलटा ठेवला. अर्ध्या तासाने पाहिलं तर दोनशे माणसं हसली होती. ते गृहस्थ त्यानंतर काही दिवस गप्प होते, मग कधीतरी ग्रुप सोडून गेले. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याआधी आयुष्यात त्याच्या बोलण्यावर माणसं हसली होती, ती तो अडखळायचा म्हणून.

तेव्हापासून ग्रुपवर कशालाही लिंबू. वाळवी लागली, लिंबू. पुठ्ठा वाकला, लिंबू. कोणाची सासू महिनाभर राहायला येणार, तरी लिंबू. बाइंडरचं नाव लिंबूकाका पडलं आणि नवा माणूस आला की तो टिंबू. नेमक्या जागी, नेमक्या वेळी लिंबू टाकता आलं की त्याचं टिंबूपण संपायचं. मग कोणीतरी म्हणायचं, आता तुम्ही आपल्यातले. वर्षातून एकदा सगळे भेटत. पहिल्या भेटीत बाइंडर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होता, चार वाक्यंही बोलला नव्हता. निघताना त्यांनी त्याला कागदावर ठेवायचं वजन म्हणून एक पितळी लिंबू दिलं, देठाशी दोन पानं असलेलं. ते त्याच्या कामाच्या टेबलावर असायचं आणि फोटोत हमखास यायचं. बायको म्हणायची, त्या फोनमध्ये बघून एकटेच हसता, आमच्याशी बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी.

आजचा प्रश्न एका टिंबूचा होता. नावाच्या जागी ‘शिवणघर’ असं लिहिलेलं, चित्रात शिलाई मशीनचं चाक. तिने वहीच्या एका पानाचा फोटो टाकला होता, कडेला तपकिरी रेक्झिनचं मुखपृष्ठ डोकावत होतं.

‘आईची वही आहे. ती गेली त्या दिवशी माझ्याच हातून त्यावर चहा सांडला. शेवटचं पान आहे, मी अजून वाचलेलं नाही. आता नीट लागत नाही. डाग जाईल का?’

बाइंडरने फोटो मोठा केला. शाई निळी-काळी, जुन्या पद्धतीची. अक्षर उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाचं, प्रत्येक काना वेगळा जोर लावून ओढलेला. डाग काढायची गरजच नव्हती. चांगला दिवा आणि भिंग घेऊन बसलं तर दोन-तीन तासांत सगळं पान वाचून झालं असतं. आणि त्या शाईला लिंबू लागलं तर काय होईल, हेही त्याला ठाऊक होतं. डाग राहील कदाचित, अक्षर राहणार नाही.

खाली लिंबं पडत होती. कोणी लिहिलं होतं, बियांसकट पिळा. कोणी लिहिलं होतं, साल फेकू नका, मुखपृष्ठाला होईल. मध्येच तिने विचारलं होतं, कागद खराब नाही ना होणार? त्यावर तर हसण्याचा नुसता पूर आला. शेवटी एकाने लिहिलं, लिंबूकाकांना विचारा, शेवटचा शब्द त्यांचा. आणि मग सगळे थांबले होते. तो आलाय हे त्यांना दिसत होतं.

त्याने करंगळीने एकेक अक्षर जुळवलं. ‘ताई, ही थट्टा आहे. लिंबू लावू नका. वही माझ्याकडे घेऊन या.’

वाक्यं बरोबर होती. त्याने ती तीनदा वाचली. पाठवल्यावर जी शांतता पडेल ती त्याला आताच ऐकू येत होती. चौदा रसायनांच्या लेखाखाली पडली होती तशी. त्याने सगळं खोडलं. मग त्याला मधला मार्ग सुचला. लिंबू तर असेल, पण थोडं. हसणारे हसतील आणि बाई जपून वागेल.

‘दोनच थेंब,’ त्याने लिहिलं. ‘जास्त नको.’

काका, माप दिलंत, मापाने दिलंत, अशी धमाल उडाली. तो हसत हसत कामाकडे वळला तोवर पाठीवरची खळ वाळली होती. ती खरवडून पुन्हा लावावी लागली. खरवडताना त्याने स्वतःला सांगितलं, मोठं माणूस आहे, खरोखर कोण लावतंय?

नवव्या दिवशी ती दुकानात आली.

पंचेचाळिशीची बाई, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. तिने पिशवीतून वही काढली. आधी तपकिरी रेक्झिनचा कोपरा दिसला आणि बाइंडरने हातातली सुरी खाली ठेवली.

वही बांधून हवी होती, पानं सुटायला लागली होती. तो धंद्याच्या सवयीने पानं उलटत गेला आणि ती सांगत गेली. आई बावन्नाव्या वर्षी तिच्याकडून अक्षर शिकली, मशीनच्या शेजारी बसून. आधी गिऱ्हाइकांची मापं लिहायची, मग किराणा, मग काहीबाही. शेवटचं पान लिहिलं तेव्हा वही मिटून म्हणाली, हे मी गेल्यावर वाच, आत्ता वाचलंस तर मला लाज वाटेल.

शेवटच्या पानावर एक पांढरट गोल होता आणि त्याला फिकट तपकिरी कड. आत काही नव्हतं. समासाला लागून ओळींची पहिली अक्षरं तेवढी शिल्लक होती. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘तू’ होतं. पुढे कोरं.

“कोणी... सांगितलं हे?” बाइंडरने विचारलं. आपण का विचारलं, हे त्याला कळलं नाही.

तिने ग्रुपचं सांगितलं. आवाज चढवला नाही. पिशवीची घडी घालत, ती मांडीवर दाबत सांगितलं.

“हसत होते सगळे, एवढं मलाही कळतं. मी सोडूनच देणार होते. पण एकाने माप सांगितलं. दोनच थेंब, जास्त नको. थट्टा करणारा माणूस माप कशाला सांगेल? मी शिवणकाम करते. माप सांगणाऱ्याचं मी ऐकते.”

“दोन थेंबांनी... इतकं...”

“दोन टाकले. डाग जरासा हलला. मग आणखी दोन. मग आणखी. दर वेळी दोनच टाकले, जास्त नाही.”

तिने टेबलावरचं पितळी लिंबू उचललं. उलटंसुलटं करून पाहिलं, पानांवरून अंगठा फिरवला आणि ते वहीच्या त्या गोलावर नेमकं मधोमध ठेवलं. कापडावर खूण करताना ठेवतात तसं, एकदा सरकवून.

“वजन चांगलं आहे,” ती म्हणाली.

“ताई, मी... त... ते...”

शब्द घशात अडकला तो अडकलाच, शाळेत फळ्यासमोर अडकायचा तसा. ती थांबली. गिऱ्हाईक दोन कापडांत ठरवत असताना थांबतात तितक्या शांतपणे, त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग तिने शिकंज्यात आवळलेल्या पुस्तकाकडे मान वळवली.

“टाका जवळ जवळ घाला. त्याला सैल घातलाय तुम्ही.”

“पाठीवर नाव काय घालू?” त्याने विचारलं. हा प्रश्न चाळीस वर्षं रोज विचारलेला, तो न अडखळता आला.

“सोनेरी अक्षरं करता ना?”

“हो.”

“‘दोन थेंब’ घाला.” ती उठली. “आणि झाली की ग्रुपवर फोटो टाका. तुमचं काम सगळ्यांना आवडतं. येते, काका.”

काका त्याला सगळेच म्हणत. दोन थेंब सांगणारा तोच, हे तिला कळलंय का, ते त्यावरून ठरवता येत नव्हतं.

त्याने वही दोन दिवस ठेवली. आधी सगळ्या बाजूंनी दिवा धरून, भिंग लावून तो गोल पाहिला. कागदाचे उठलेले तंतू सोडून काही दिसलं नाही. मग उसवून शिवली, टाके जवळ जवळ घातले. खणातले अक्षरांचे पितळी खिळे एकेक वेचून शब्द जुळवले, तापवून सोनेरी पन्नीवर दाबले. अक्षरं स्वच्छ उमटली, कुठे फाटली नाहीत, कुठे पसरली नाहीत. वर्षभरात इतकं चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. ती येऊन वही घेऊन गेली. जाताना टाक्यांवरून नख फिरवून तिने मान हलवली.

दुपारी त्याने फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘एका बाईंच्या आईची वही आहे. मी दोन थेंब सांगितले. त्यांनी लावले. पान कोरं झालं.’ या वेळी पुन्हा वाचलं नाही, तसंच पाठवलं.

पहिलं हसू लगेच आलं. मग धबधबा. काका, आज कहर केलात. सोन्याने लिहिलंय बघा, सोन्याने. असलं फक्त आपले काकाच करू जाणे.

‘खरंच सांगतोय,’ बाइंडरने लिहिलं. ‘माझ्यामुळे झालं. बाई ग्रुपवर आहेत, विचारा.’

ग्रुप थांबला. इतक्या वर्षांत तसा कधी थांबला नव्हता. एका ग्रंथपालाने लिहिलं, ‘काका, खरंच?’ आणखी दोघं काहीतरी लिहीत होते, लिहून थांबत होते, पुन्हा लिहीत होते. बाइंडरने दोन्ही हातांनी फोन धरला. खळीने माखलेली बोटं काचेला चिकटली. ‘शिवणघर’ लिहीत असल्याचं खाली दिसत होतं. तिने एक वाक्य लिहिलं की झालं असतं. मग जो तो हवं ते बोलला असता, आणि त्याला ते ऐकून घेता आलं असतं.

तिने एक लिंबू टाकलं. पिवळं, एकच.

सगळे एकदम सुटल्यासारखे हसत सुटले. हसण्यातून वाट काढत ग्रंथपालाचा मेसेज वर आला, काय वेळ साधलीत, ताई. आता तुम्ही आपल्यातल्या झालात.