प्रेषित आमच्या गावचा नव्हता

शनिवारी सकाळी गारुफालियाबाईंनी अंगणात काळा रंग उकळायला कढई चढवली. सुनेचा झगा उन्हाने करडा पडला होता, आणि विधवेचा काळा रंग विटला की आमच्या गावाला झोप लागत नाही. या सुनेचा, एव्हान्थियाचा, नवरा जहाजावर गेला तो समुद्रातच राहिला. तेव्हापासून झगा काळा, डोक्याचा रुमाल काळा, उशीचा अभ्राही काळा. ईस्टरला सगळं गाव लाल अंडी फोडतं. हिच्या वाट्याला बिनरंगाचं यायचं. वय चोवीस.

"आई, सारांडोसनं मागणी घातलीय," चुलीत लाकूड सारत ती म्हणाली.

सारांडोस वरच्या आळीतला, मधमाश्या पाळणारा विधुर. विधुराने दंडाला काळी पट्टी बांधून चाळीस दिवस काढले की तो सुटतो. पुरुषाचं दुःख तेवढंच खोल असतं, असं गाव मानतं.

सासूबाई काठीने कपडा ढवळत राहिल्या. "मी बाविसाव्या वर्षी काळं अंगावर घेतलं. मेले का? विधवेनं काळ्यातच मरावं, प्रेषित पौलानं लिहून ठेवलंय."

"कुठं लिहिलंय?"

"लिनार्डोसला विचार."

हा लिनार्डोस चर्चचा कारभारी. रविवारी बायबलातली प्रेषित पौलाची पत्रं हेल काढून तोच वाचायचा. भाषा शतकांपूर्वीची ग्रीक. त्यामुळे त्याला आणि आम्हाला ती सारखीच कळायची. बायकांनी चर्चमध्ये गप्प बसावं, बायकोने नवऱ्याला भिऊन राहावं, एवढी दोन वाक्यं मात्र गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांना पाठ होती.

रविवारी उपासना सुटली. पुरुष अंगणात कॉफीला बसले, बायका भिंतीकडेला उभ्या राहिल्या. एव्हान्थिया सरळ टेबलापाशी गेली.

"लिनार्डोसकाका, विधवेनं लग्न करू नये, हे कुठल्या पत्रात आहे?"

"सगळ्याच पत्रांत आहे."

"मग कुठलंही एक वाचा."

कुणीतरी हसलं. लिनार्डोसने मिशी पुसली. "पोरी, तुला घाई कसली झालीय? वाचनाची की लग्नाची?"

"लग्नाची. वाचायचं तुम्ही."

"पापा-स्ताथिस! आणा तो ग्रंथ. एकदाचं हिचं तोंड बंद करा."

आमचे पाद्री पापा-स्ताथिस मोठ्या शहरात शिकलेले. त्यांचं ज्ञान पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारखं होतं, कपाटाबाहेर कधी आलं नाही. "आज कशाला?" ते पुटपुटले. "कॉफी निवतेय."

"आत्ताच!"

ग्रंथ आला. पापा-स्ताथिसना पानं चाळावी लागली नाहीत. तो हव्या त्या पानावर आपोआप उघडला. म्हणजे हे पान त्यांनी कितीदा वाचलं असेल, ते समजा. त्यांनी जुन्या ग्रीकमध्ये चार ओळी म्हटल्या. लिनार्डोसने डोळे मिटून मान डोलावली.

"ऐकलंस? झालं समाधान?"

"आता आपल्या भाषेत सांगा," एव्हान्थिया म्हणाली.

पापा-स्ताथिस पानात बघूनच बोलले. "प्रेषित म्हणतो... तरुण विधवांनी लग्न करावं. मुलंबाळं होऊ द्यावीत. घर सांभाळावं."

लिनार्डोसने घोट घेतला, घसा साफ केला.

"प्रेषित मोठा माणूस, वादच नाही. पण तो आमच्या गावचा नव्हता. इथल्या रीतीभाती त्याला काय ठाऊक?"

पुरुषांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सकाळपर्यंत प्रेषिताचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. दुपार व्हायच्या आत तो परगावचा पाहुणा झाला.

एव्हान्थियाने रुमाल सोडला, घडी घातली आणि लिनार्डोसच्या कपाशेजारी ठेवला. "पापा-स्ताथिस, माझं लग्न तुम्ही लावणार, की पुढच्या गावच्या पाद्र्यांना विचारू?"

पापा-स्ताथिसांनी आपले बूट न्याहाळले. "पुढच्या गावचे पाद्री फार चांगले आहेत."

तेवढ्यात भिंतीकडून गारुफालियाबाई पुढे आल्या. आता सुनेच्या कानाखाली बसणार म्हणून आम्ही खुर्च्या पुढे ओढल्या. त्या सुनेला ओलांडून पाद्र्यांसमोर उभ्या राहिल्या.

"हे पत्र कधी आलं?"

"बाई, एकोणीसशे वर्षं झाली."

"म्हणजे मी बाविशीची होते, तेव्हा आलेलं होतं."

"होतं."

"आणि तुमच्यापैकी कुणी मला वाचून दाखवलं नाही."

पापा-स्ताथिस ग्रंथ मिटू लागले. गारुफालियाबाईंनी पानावर हात ठेवला. नखांत कालचा काळा रंग तसाच होता.

"राहू द्या उघडं," त्या म्हणाल्या. "अजून काय काय आलंय, तेही वाचा. मी उभी आहे."