आईनं खाली ठेवलेला पेला

मी बिनकानाचा पेला बोलतोय, सौदी अरेबियातल्या बुरैदा गावातल्या दुखय्यिलच्या बैठकीतला. माझ्यात कॉफी मावते घोटभर, पण मान मोठा. आमच्याकडे पाहुण्याला काही मागायचं असलं की तो भरलेला पेला न पिता खाली ठेवतो. यजमानानं शब्द दिल्याशिवाय तो ओठाला लावत नाही. आणि पाहुण्याची कॉफी तशीच राहिली, तर यजमानाची गावात नाचक्की होते.

जन्मानं मी चिनी. माझा कुंभार कोणत्या धर्माचा होता, हे मात्र इथं कुणी विचारलं नाही.

दुखय्यिल खजुराचा बागायतदार. माणूस सज्जन, पण हट्टी. तरुणपणी त्याला प्रवचनांच्या कॅसेटींचा नाद लागला. आपल्या धर्माच्या लोकांशी जिव्हाळा ठेवा, बाकीच्यांशी फारकत घ्या, असं त्यातला वक्ता घसा ताणून सांगायचा. नेमकं तेव्हाच त्याच्या धाकट्या भावानं, हमदनं, जो पूर्वेकडे तेलाच्या कंपनीत होता, आपल्या ख्रिस्ती साहेबाला नाताळला घरचे खजूर धाडले. झालं! दुखय्यिलनं सख्ख्या भावाशीच फारकत घेतली.

हमद दर ईदला यायचा, आई हैलाला फाटकातच भेटून परत जायचा. मला त्याची फार आठवण यायची. तो प्यायला बसला की बैठक हसती असे.

मग एका ईदच्या सकाळी हैला पोराच्या बैठकीत आली आणि पाहुण्यांच्या जागी बसली. दुखय्यिलनं मला भरून तिच्या हाती दिलं. तिनं मला जमिनीवर ठेवलं.

दुखय्यिल चपापला. "आई, आपल्याच घरात कसली पाहुणी तू?"

"ज्या घरात माझा एक मुलगा येऊ शकत नाही, तिथं मी पाहुणीच."

"मी अल्लासाठी दूर झालोय, आई. रागानं नाही."

"आईबाप परधर्माचे असले तरी त्यांच्याशी नीट वाग, असं त्याचंच सांगणं आहे ना? हमद तर पाची नमाज पढतो. त्याचं वागणं पटत नसेल, तर वागण्याशी फारकत घे. माझ्या पोराशी नको."

माझ्यातली वाफ विरत चालली होती, आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

"नाताळच्या शुभेच्छा मी कुणाला देणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"तुला कोण सांगतंय द्यायला? आधी ऊठ."

तो उठला आणि हमद थांबला होता त्या फाटकापर्यंत अनवाणीच गेला. परतला तेव्हा हमदचा हात त्याच्या हातात होता, आणि दोघांचेही डोळे ओले होते. दुखय्यिल ताजी कॉफी ओतायला लागला, तर हैलानं त्याला अडवलं आणि मला उचलून ती गार कॉफी एका घोटात संपवली.

आता माझ्या काठाचा टवका उडालाय, तरी मी सुखात आहे. दोघे भाऊ अजून नाताळावरून तावातावानं भांडतात, आणि भांडता भांडता पेला पुढं करतात. बाबांनो, तुम्हीही वाद घाला, खुशाल घाला. पण समोरासमोर बसून घाला.